खरखरीत फरशी

"हे कुठे डुगडुगतंय? डुगडुगायचं ते पहिलं. मी पडले होते ते," शशिकला म्हणाली आणि ब्रश डिस्टेंपरच्या डब्यात बुडवून काठावर निथळवू लागली. दिवाळीला पंधरवडा उरला होता. रविवार होता. पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात सकाळपासून दोघांचं काम चाललं होतं. ओट्यावरची भांडी बाहेरच्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवली होती, जमिनीवर जुने पेपर अंथरले होते. जयंत खाली उकिडवा बसून भिंतीचे पोपडे पत्र्याने खरवडत होता आणि ती स्टुलावर उभी राहून वरचा पट्टा रंगवत होती. जपून गं, स्टूल डुगडुगतंय, एवढंच तो म्हणाला होता. तिचं उत्तर त्याच्या कानावर पडलं तरी हात चारदोनदा तसाच खालीवर होत राहिला. मग थांबला. "तू कधी पडलीस स्टुलावरून?" त्याने विचारलं. "पडले होते एकदा," ती म्हणाली, "झाली की आता बारा वर्षं." आणि बारा हा आकडा तोंडातून गेल्यावर तिचा हात थांबला. ब्रश भिंतीला टेकला होता, पण फिरत नव्हता. त्याच्या टोकाशी पिस्त्याच्या रंगाचा एक ओघळ जमला, जड झाला आणि भिंतीवरून सावकाश खाली उतरू लागला. एरवी तिने तो लगेच पुसला असता. ओघळ म्हणजे कामातली बेअब्रू, असं त्यानेच तिला शिकवलं होतं.

"हात धुऊन येतो," म्हणून जयंत उठला. बाथरूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं. हात धुतले नाहीत. अनवाणी पायांखाली ती फरशी होती. फरशी म्हणजे सिमेंटचाच कोबा, पण त्याने स्वतः टाकलेला, मुद्दाम खरखरीत ठेवलेला, ओला असताना थापीच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी पाडलेला. मोरीकडे बरोबर हवा तेवढा उतार. भिंतीला छातीच्या उंचीवर लोखंडी पाइपाची दांडी, धरून उठता यावं म्हणून. अकरा वर्षं आणि दहा-अकरा महिने तो रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या भोंग्याआधी या चौकटींवर उभा राहून अंगावर पाणी घेत आला होता. इतक्या वर्षांत एक चीर नाही. शेवाळ धरायला जागा नाही. बघायला आलेल्या माणसाला तो पाय घासून दाखवायचा, बघा, साबणाचं पाणी असलं तरी पाय हलणार नाही. आज त्याने तसाच पाय घासून पाहिला. पाय हलला नाही.

पंचाहत्तर सालचा डिसेंबर. तो टूलरूममध्ये मशीनवर होता. सुपरवायझर स्वतः चालत त्याच्यापर्यंत आला आणि म्हणाला, खानझोडे, घर से फोन है, हॉस्पिटल जाओ. सायकल हाणत तो कारखान्याच्या हॉस्पिटलात पोचला तेव्हा व्हरांड्यात शेजारच्या तिवारीभाभी उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भैया, बाथरूम में मिलीं हमें. दरवाजा खुला था, हमने आवाज दी तो बोलीं ही नहीं." तेवढं पुरे झालं त्याला. त्याच्या डोळ्यांपुढे बाथरूममधला जुना गुळगुळीत कोबा आला, पावसाळ्यापासून कोपऱ्यात धरलेलं हिरवं शेवाळ आलं. येत्या रविवारी घासून काढतो, असं तो कितीतरी रविवार म्हणत होता. सहावा महिना सरत आला होता. आणि आपण ते घासलं नाही. हे त्याला इतकं लख्ख, इतकं पुरेपूर कळलं, की पुढचे दोन तास बाकावर बसून तो ते शेवाळच बघत होता. आत सोडलं तेव्हा शशिकला भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला, हाताचा ग्रीस तिथं लागला, तो बाहीने पुसला. मग तो काय म्हणाला होता? ते आठवायला बाथरूममध्ये उभ्या उभ्या त्याला फार वेळ लागला नाही. तो म्हणाला होता, "बाथरूममध्ये घसरलीस ना? शेवाळानं घात केला. माझी चूक. मी ते दुरुस्त करतो." आणि ती म्हणाली होती, हो. डोळे मिटूनच.

ती पाच दिवस हॉस्पिटलात होती. त्या पाच दिवसांत त्याने रजा काढून जुना कोबा फोडला. छिन्नी-हातोड्याचा आवाज क्वार्टरांच्या सबंध लाइनीला ऐकू जात होता. कुणी काही बोललं नाही. तिला घरी आणलं तेव्हा बाथरूमच्या जागी मातीचा आणि खडीचा खड्डा होता आणि अंघोळीला तिवारींकडे जावं लागत होतं. अशक्तपणामुळे तिला फार उभं राहवत नसे. ती दाराशी पाट टाकून बसायची, कानाला रुमाल बांधून, आणि तो आत काम करायचा. घमेल्यात माल कालवून झाला की ती बसल्या जागेवरून लोट्याने थोडं थोडं पाणी घालायची. फारसं बोलणं नव्हतं, पण त्याला ते दिवस चांगले वाटले होते. हे त्याने कधी कुणापाशी कबूल केलं नसतं, पण वाटले होते. दुःखाला काहीतरी करता येत होतं. पाणसळ लावून उतार बघताना, ओल्या सिमेंटवर रेघा ओढताना आपण दोघं मिळून काहीतरी बुजवतो आहोत, असं त्याला वाटायचं. शेवटी कोबा सुकला तेव्हा तो म्हणाला, "बघ गं, पाणी नीट जातं का." तिने दारातूनच लोटाभर पाणी सोडलं. पाणी रेघारेघांतून वळत मोरीकडे गेलं. "जातंय," ती म्हणाली. तो एक शब्द त्याने किती जपला होता. तिच्या तोंडून निघालेला, त्या दुखण्यानंतरचा पहिला धड शब्द, असं तो मनाशी म्हणायचा.

आता बाथरूमच्या दारापलीकडून ब्रशचा आवाज येत होता. ती पुन्हा रंगवायला लागली होती. सावकाश, एकसारखं. जयंतने दांडी धरली. ही दांडी धरून ती गेली बारा वर्षं उठली असेल, बसली असेल. प्रत्येक वेळी तिला ठाऊक होतं, की ती इथे कधी घसरलीच नव्हती. तो पाहुण्यांना सांगायचा तेव्हाही. टूलरूममधले शांताराम लिमये आपल्या बायकोला घेऊन मुद्दाम बघायला आले होते, तेव्हा तो म्हणाला होता, "आमच्याकडे अपघात झाला म्हणून जाग आली. तुम्ही तरी वेळेवर करून घ्या." शशिकला त्याच्या मागेच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने कप पुढे केले होते. लिमयेंनी तशी फरशी करून घेतली, मग पलीकडच्या लाइनीत दोघांनी. कुठून हे सुचलं विचारलं की तो तीच हकीगत सांगायचा, दर वेळी थोडी अधिक नीटस. तिथून पुढेच तर सगळं सुरू झालं. मागच्या अंगणाला जाळीचं दार, पुस्तकांचं कपाट, भिंतीला दुमडणारं जेवणाचं टेबल, पडद्यांच्या दांड्या, व्हरांड्यातला झोपाळा. तो कापायचा, ती धरायची. तो ठोकायचा, ती खिळे-चुका पुरवायची. पडदे तिने शिवले, खुर्च्यांच्या गाद्या तिने भरल्या. एकही सुतार किंवा रंगारी या घरात कधी आला नाही. मूल पुन्हा राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासून सांगितलं, दोष काही नाही, होईल. झालं नाही. त्या त्या वेळी हॉस्पिटलातून परत येताना त्याने काय केलं होतं? एकदा झोपाळ्याच्या कड्या विकत घेतल्या होत्या. दुसऱ्या खेपेला पिपलानीच्या बाजारात रंगाच्या दुकानापाशी स्कूटर थांबवून तिला विचारलं होतं, बाहेरच्या खोलीला आकाशी कसा दिसेल?

आणि फळ्या. स्वयंपाकघरातल्या त्या तीन फळ्या हे त्याचं या घरातलं पहिलं काम. लग्नानंतरची पहिली दिवाळी. कारखान्यात परदेशी मशिनं ज्या मोठ्या खोक्यांतून यायची त्यांचं लाकूड मिळालं होतं; पांढरंशुभ्र, गुळगुळीत, राळेचा वास असलेलं. पॉलिशपेपर मारून मारून त्याने त्या फळ्या रेशमासारख्या केल्या होत्या. किती उंचीवर लावायच्या, हे ठरवायला तो भिंतीशी उभा राहिला होता आणि हात वर केला होता. सहज पोचला तिथं पेन्सिलने खूण केली. त्याचा हात. तो जवळजवळ सहा फूट, ती जेमतेम पाच. तिने त्या दिवशी कडेवर धुतलेले डबे घेऊन फळ्यांकडे पाहिलं होतं, आणि हसून म्हणाली होती, "एक स्टूल लागेल मला." त्यावर त्याने उरलेल्या लाकडाचं स्टूल करून दिलं होतं. घाईत केलेलं. एक पाय आखूड राहिलेला.

तो बाहेर आला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने कोपऱ्यातली हत्यारांची पेटी उघडली, मोठा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि सगळ्यात खालच्या फळीच्या ब्रॅकेटला लावला. स्क्रूवर रंगाचे थर बसले होते. त्याने जोर केला. रंग चिरकला.

"काय करताय?" शशिकलाने विचारलं.

"खाली घेतो. आजच. चार तासांचं काम आहे."

"राहू द्या ते."

"तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?" तो स्क्रूकडे बघतच म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चढला. "बारा वर्षं, शशी! मी जगाला सांगत सुटलो. माझ्या आईला पत्र लिहिलं. तू वाचून दाखवलंस मला ते पत्र, पोस्टात टाकायच्या आधी."

ती स्टुलावरून उतरली. ब्रश डब्यावर आडवा ठेवला. पदराने हात पुसले. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली, "बाथरूममध्ये घसरलीस ना. मला तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. मी हो म्हटलं. म्हटलं घरी गेल्यावर सांगू. घरी आले तोवर तुम्ही सगळं फोडून बसला होतात."

"मग तेव्हा सांगायचंस."

"काय सांगायचं? हे नको, त्या भिंतीवरचं काढा म्हणून? तुम्ही इतका जीव लावून करत होता. रोज संध्याकाळी हाताला फोड घेऊन बसायचात. मला वाटलं, ह्यांना काहीतरी धरायला मिळालंय, ते कशाला काढून घ्या. मग दिवस गेले. मग तुम्ही लोकांना सांगायला लागलात. मग कसं सांगणार?"

स्क्रू एक आटा फिरला होता. जयंतने दुसरा फिरवला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण हाताखाली स्क्रू हलायला लागला होता आणि हलायला लागलेला स्क्रू सोडवत नाही. फळी किती खाली घ्यायची, फूटभर की दीड फूट, भिंतीतली जुनी भोकं लांबी भरून बुजवायची, वरून हाच पिस्ता. त्याचं मन पुढे धावत होतं, आणि ते धावतंय याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

"ते खाली ठेवा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या हातात काही असलं की तुम्हाला ऐकू येत नाही."

बाहेर रस्त्यावरून सिटी बस गेली. कुणाच्या तरी घरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. जयंतने स्क्रू-ड्रायव्हर पेटीत ठेवला. मग पेटी बंद केली. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. तो पेपरावर, पोपड्यांच्या भुग्यात, भिंतीला पाठ लावून बसला. ती समोर ओट्याला टेकून खाली बसली. दोघांच्या मध्ये रंगाचा डबा होता, तो तिने बाजूला सारला.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"गुरुवार होता," ती म्हणाली. तिच्या आईने नागपूरहून लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली होती. ती त्याने मुंग्यांना मिळू नये म्हणून सगळ्यात वर ठेवली होती. सकाळी अकराच्या सुमाराला तिला एकदम लोणचं खावंसं वाटलं. "इतकं, की थांबवेना. तसं व्हायचं तेव्हा." ती चढली. बरणी हातात आली आणि स्टूल कलंडलं. ती कुशीवर पडली. दुखलं असं नाही. तिला आधी वाटलं, काही झालंच नाही. बरणी फुटली होती, खार सगळीकडे पसरला होता. तिने बसल्या बसल्या काचा गोळा केल्या. फडक्याने जमीन पुसली. मग वास राहू नये म्हणून सोड्याने पुसली.

"पुसलीस कशाला?" तो कळवळून म्हणाला.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. बरणी तुम्ही ठेवली होती ना." ती हातावरचा वाळलेला रंग नखाने काढत होती. "तासाभरानं कळ आली. तेव्हा बाथरूममध्ये गेले. तिथंच मग. दार उघडं ठेवलं, कुणीतरी ऐकेल म्हणून. मी हाका मारत होते की मनात मारत होते, ते मला अजून माहीत नाही. दुपारच्या भोंग्याची वाट बघत होते. भोंगा झाला की तुम्ही पंधरा मिनिटांत येता. मी पंधरा मिनिटं मोजायची ठरवून ठेवली होती. पण त्याच्या आधी भाभी आल्या."

तो ऐकत होता. मध्ये त्याला दोनदा काहीतरी सुचलं, म्हणजे सांगावंसं वाटलं, की तू आधी मला फोन करायला हवा होतास, की भाभींच्या घरी जायला हवं होतंस. दोन्ही वेळा त्याने तोंड मिटून घेतलं. ती हॉस्पिटलातलं सांगत राहिली. तिथली केरळची सिस्टर, तिचे थंड हात. शेजारच्या खाटेवर बाळंत झालेली बाई आपलं मूल पदराखाली झाकून घ्यायची, या दोघींच्या मध्ये पडदा नव्हता म्हणून. पाच दिवस तो रोज संध्याकाळी यायचा आणि कोबा कुठवर फोडून झाला ते सांगायचा. ती ऐकायची. सिमेंटचा वास त्याच्या शर्टाला यायचा. हे सगळं ती एका सुरात सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाचं, आणि मध्येच थांबून एखादी गोष्ट दुरुस्त करत होती. नाही, ते चौथ्या दिवशी, तिसऱ्या नव्हे. बारा वर्षं ती हे मनात असंच म्हणत आली असणार, म्हणून इतकं नेमकं आहे, हे त्याला कळलं. ऊन खिडकीतून सरकत अर्ध्या रंगवलेल्या भिंतीवर आलं. जेवणाची वेळ होऊन गेली. कुणी उठलं नाही.

ती बोलायची थांबली तेव्हा त्याला वाटलं, आपणही काहीतरी द्यायला हवं. दुरुस्तीतलं नाही, दुसरं. त्याच्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती. "मी मोजतो," तो म्हणाला. "दर जुलैत. शाळा उघडतात ना, स्कूलबसला लाइन लागते गेटपाशी. मी पहिल्या शिफ्टहून येताना बघतो. मनात म्हणतो, आता पहिलीत असता. आता तिसरीत असता. एका वर्षी दप्तर घेऊन एक पोरगा पळत होता, मी स्कूटर थांबवून बघत बसलो, मागचे हॉर्न वाजवायला लागले. म्हटलं, एवढा असता."

शशिकला त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा इतका वेळ कोरडा होता. आता त्याच्यात काहीतरी हललं.

"असती," ती म्हणाली.

त्याला समजलं नाही.

"मुलगी होती, अहो. मी पाहिली. सिस्टरनं विचारलं, देखोगी? मी हो म्हटलं. मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल."

कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं. जयंतने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. बारा वर्षं एक मुलगा त्याच्याबरोबर वाढला होता, एकेक इयत्ता चढत, त्याच्यासारखाच उंच होत. तो आता त्या दुपारच्या उन्हात हळूहळू दिसेनासा होत होता, आणि त्याच्या जागी कुणीच नव्हतं, अजून कुणीच नव्हतं. कशी दिसत होती, असं त्याला विचारायचं होतं. ते विचारायला जो धीर लागतो तो त्याच्यापाशी त्या क्षणी नव्हता. पण तो उठला नाही. मग चाचपडत, नवी भाषा बोलावी तसा, म्हणाला, "या जुलैत सहावीत गेली असती."

"हो," शशिकला म्हणाली. "सहावीत." आणि मग बारा वर्षांनी ती त्याच्यासमोर रडली.